मशिदींच्या गावातला पाद्री

पुण्यातील एका वृद्ध प्राध्यापकांच्या निधनानंतर त्यांचा ग्रंथसंग्रह स्नेह्यांत वाटला गेला, तेव्हा माझ्या वाट्याला जी चार-पाच पुस्तके आली, त्यांत मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने १९२५ साली प्रसिद्ध केलेले ‘वर्शिप इन इस्लाम’ या नावाचे एक इंग्रजी पुस्तक होते. थोर इस्लामी धर्मचिंतक अल्-गझाली यांच्या ‘इह्या उलूम अद्-दीन’ या महाग्रंथातील नमाजाविषयीच्या प्रकरणाचे ते सटीक भाषांतर. आणि भाषांतरकार कोण, तर एडविन कॅल्व्हर्ली नावाचे एक अमेरिकन प्रॉटेस्टंट पाद्री, ज्यांनी आपल्या आयुष्यातील उमेदीची वर्षे कुवेतमध्ये वेचली. जो मनुष्य परक्या लोकांना आपल्या धर्माकडे वळवण्याच्या हेतूने समुद्र ओलांडून गेला, त्याने त्या लोकांच्याच उपासनेचे शास्त्र एवढ्या आस्थेने आणि बारकाईने का उलगडून दाखवावे, या प्रश्नाने मला त्या दिवशी जे धरले ते पुष्कळ वर्षे सोडले नाही. आणि गेल्या फेब्रुवारीत पुतण्याच्या मुलीच्या बारशाचे निमित्त होऊन कुवेतला जाण्याचा योग आला, तेव्हा सामानात मी कपड्यांच्या आधी ते पुस्तक ठेवले.

पाद्री हा शब्द माझ्या कानांना परका नाही. माझे बालपण अहमदनगरात गेले, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. त्या शहरात अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली पाऊल टाकले, आणि आमच्या आळीतील निम्म्या मुलांची मुळाक्षरे मिशनच्या शाळांतून पक्की झाली. घरी आजोबा पाद्र्यांविषयी कधी रागाने, कधी आदराने बोलत, आणि त्यांचा राग व आदर हे दोन्ही खरे होते. त्यामुळे धर्मप्रसारक म्हटला की तो एक तर देवदूत नाही तर कपटी असलाच पाहिजे, असल्या सोप्या निवाड्यांवर माझा कधी विश्वास बसला नाही.

मुंबईहून कुवेतचा विमानप्रवास चार तासांच्या आसपासचा. पण कॅल्व्हर्ली ज्या काळी गेले त्या काळी मुंबई हेच आखाताचे प्रवेशद्वार होते: ब्रिटिश इंडिया कंपनीच्या टपालबोटी मुंबईहून निघत आणि कराची, मस्कत, बहारीन, बुशहर अशी बंदरे घेत घेत बसऱ्याला पोहोचत. कुवेतच्या बाजारात रुपया चाले, आणि तो १९६१ पर्यंत चालला. टपालाला लागणारी तिकिटे हिंदुस्थान सरकारचीच असत, त्यांवर पुढे १९२३ पासून ‘कुवेत’ अशी अक्षरे छापलेली असत. मोती मुंबईला येत, आणि जहाजांचे सागवान मलबारहून जाई. १८९९ च्या तहाने कुवेतचे शेख मुबारक यांनी आपला परराष्ट्रव्यवहार इंग्रजांच्या सल्ल्याला बांधून घेतला, आणि १९०४ साली तेथे इंग्रजांचा पोलिटिकल एजंट तैनात झाला. त्याचे दप्तर बुशहरच्या रेसिडेंटमार्फत हिंदुस्थान सरकारकडे रुजू होत असे. म्हणजे कारभाराच्या दृष्टीने ते गाव मुंबईकराला आजच्यापेक्षा जवळचे होते. लोरिमर या हिंदुस्थानातील मुलकी अधिकाऱ्याने आखाताचे जे प्रचंड गॅझेटियर तयार केले, त्यात कुवेतची वस्ती सुमारे ३५ हजार धरली आहे. मातीची घरे, मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणारे लोक, गोड्या पाण्याची कायमची टंचाई, आणि गल्लोगल्ली मशिदी.

या गावात शिरण्याचा प्रयत्न कॅल्व्हर्ली यांच्या मिशनने त्यांच्या आधीही केला होता. न्यू ब्रन्स्विक येथील धर्मविद्यालयात १८८९ साली जेम्स कॅन्टिन व सॅम्युएल झ्वेमर या दोन विद्यार्थ्यांनी आपले अध्यापक जॉन लान्सिंग यांच्या प्रेरणेने ‘अरेबियन मिशन’ स्थापन केले, आणि पुढे डच परंपरेतील अमेरिकेच्या रिफॉर्म्ड चर्चने ते आपल्या पंखाखाली घेतले. बसरा, बहारीन, मस्कत अशी ठाणी पडली. पण कुवेतच्या बाजारात धर्मग्रंथ विकण्याचा पहिला उद्योग शेखांनी बंद करविला. दार उघडले ते औषधाने. बसऱ्याच्या मिशन-रुग्णालयातील डॉ. आर्थर बेनेट यांना शेख मुबारक यांनी १९११ च्या सुमारास बोलावून घेतले, त्यांच्या घरातील आजारपण बेनेट यांच्या उपचाराने बरे झाले, आणि समुद्रकाठी रुग्णालयासाठी जागा मिळाली. आपल्या मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले, तेथेही पाद्र्याच्या आधी डॉक्टर लोकांच्या मनात शिरला होता. हा क्रम मिशनच्या सर्व इतिहासात पुनःपुन्हा दिसतो, आणि मला त्यात लबाडी दिसत नाही. आजारी माणूस कोणत्या हाताने औषध घ्यावयाचे ते स्वतः ठरवतो, आणि तो ठरवतो तेव्हा त्याला सर्व काही समजत असते.

ते रुग्णालय आज आहे. संध्याकाळी पुतण्या मला समुद्राकाठच्या रस्त्याने घेऊन गेला, तेव्हा काचेच्या उत्तुंग इमारतींच्या पायथ्याशी व्हरांडे असलेली एक ठेंगणी, फिकट रंगाची वास्तू दिसली, आणि तो म्हणाला, “काका, हेच ते अमेरिकानी.” पोलाद व काँक्रीट वापरून बांधलेल्या कुवेतमधील पहिल्या इमारतींत हिची गणना होते. ‘अमेरिकानी’ हे नाव सरकारने दिलेले नव्हे, रोग्यांनी दिलेले आहे. मिशनचे रुग्णालय १९६७ साली बंद झाले, आणि आता ही वास्तू ‘दार अल्-आसार अल्-इस्लामिया’ या इस्लामी कलासंग्रहाच्या संस्थेचे सांस्कृतिक केंद्र आहे. आत फिरताना जुनी छायाचित्रे पाहिली. त्यांतल्या एकात पांढऱ्या झग्यातले रोगी ओळीने बसलेले आहेत आणि त्यांच्यापैकी एकही छायाचित्रकाराकडे पाहत नाही. सगळ्यांचे डोळे दाराकडे लागलेले.

एडविन कॅल्व्हर्ली यांचा जन्म १८८२ साली फिलाडेल्फियात झाला. शिक्षण प्रिन्स्टनला, आधी विद्यापीठात आणि मग तेथील धर्मविद्यालयात. १९०९ साली ते अरेबियन मिशनमध्ये रुजू झाले आणि त्याच वर्षी एलिनर टेलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, ज्यांनी पेनसिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली होती. नव्याने आलेल्या मिशनऱ्याने आधी अरबी शिकावी, तिची परीक्षा द्यावी, मगच कामाला हात लावावा, असा मिशनचा शिरस्ता होता. म्हणून पहिली वर्षे भाषेत गेली. १९१२ च्या प्रारंभी हे दांपत्य कुवेतला आले. शेखांचा परवाना खरे तर डॉक्टरणीसाठी होता. नवरा तिच्याबरोबर आला, एवढेच गावाच्या दृष्टीने त्याचे स्थान.

येथे मला थोडे थांबले पाहिजे, कारण या पाद्र्याच्या चरित्रात त्याच्या पत्नीचे चरित्र इतके गुंतलेले आहे की ते वेगळे काढले तर काही उरणार नाही. गावातील स्त्रिया परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करीत; डॉ. एलिनर यांच्या आधी त्यांच्यासाठी पदवीधर वैद्य असा कोणी नव्हताच. पहिले काही दिवस शंकेचे गेले असतील, ते साहजिक आहे. पुढे मात्र घराघरांतून बोलावणी येऊ लागली, आणि गावाने तिला आपले नाव दिले: खातून हलिमा. हलिमा हे प्रेषितांच्या दाईचे नाव, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या नामकरणाचे वजन समजेल. बाळंतपणानंतर अंगात मीठ भरण्याची एक जुनी रूढी आखातात होती, आणि तिच्यामुळे आतील भाग आक्रसून पुढची बाळंतपणे अडत व कित्येक स्त्रिया प्राणास मुकत. या रूढीशी झुंजताना त्यांनी उपदेशापेक्षा सुईणींशी मैत्री करण्यावर भर दिला असावा असे मला त्यांच्या एकंदर वृत्तीवरून वाटते. त्यांनी पुढे, १९५८ साली, ‘माय अरेबियन डेज अँड नाइट्स’ या नावाने आठवणी लिहिल्या. त्या आठवणींत स्वतःच्या मोठेपणाचा आव कोठेही नाही, आणि म्हणूनच त्या वाचताना लेखिकेविषयीचा आदर वाढत जातो.

इकडे पाद्री काय करीत होते? बाजारात त्यांचे ग्रंथांचे दुकान होते. बैरुतमधील अमेरिकन छापखान्यात १८६५ साली पूर्ण झालेले बायबलाचे अरबी भाषांतर तेथे मांडलेले असे. येणारा मनुष्य कॉफी घेई, वाद घाली, कधी एखादे पुस्तक विकत घेई आणि कधी मुळीच घेत नसे. शिवाय त्यांनी मुलांसाठी शाळा काढली आणि तीत इंग्रजी शिकवले. कुवेतमधील व्यापाऱ्यांनी स्वतःच्या वर्गणीने ‘मुबारकिया’ ही पहिली आधुनिक शाळा १९११ च्या अखेरीस सुरू केली होती, पण इंग्रजीची गोडी लागलेली काही मुले पाद्र्याच्या शाळेकडे वळली. मुंबईच्या पेढ्यांशी पत्रव्यवहार करावयाचा तर ती भाषा आवश्यक होती.

गावाने हे सर्व मुकाट्याने सोसले असे नाही. फरहान अल्-खालिद नावाच्या एका तरुण व्यापाऱ्याने १९१३ साली धर्मादाय संस्था स्थापन केली. मिशनऱ्यांकडे न जाता मुसलमानांना मुसलमानांकडूनच विद्या आणि औषध मिळावे, हा तिच्या हेतूंपैकी एक होता. या घटनेकडे मिशनचे लोक विरोध म्हणून पाहत. मला ती वाचून आनंद झाला. परक्याने येऊन एक रुग्णालय काढले, आणि त्या धक्क्याने गावातील एका तरुणाला आपले स्वतःचे काढावेसे वाटले, तर त्या गावाची नाडी चांगली चालली आहे असे समजावे. नगरला, पुण्याला आमच्या लोकांनी ज्या शाळा काढल्या त्यांतील कित्येकींच्या मुळाशी हीच ईर्ष्या होती.

१९२० च्या १० ऑक्टोबरला जहराची लढाई झाली. नज्दमधील इख्वान टोळ्यांनी फैसल अद्-दुवैश याच्या नेतृत्वाखाली कुवेतच्या पश्चिमेकडील जहरा गावावर हल्ला चढवला, कुवेतचे तेव्हाचे शेख सालिम तेथील लाल किल्ल्यात कोंडले गेले, आणि जखमी होड्यांतून मिशनच्या रुग्णालयात येऊ लागले. डॉ. स्टॅन्ली मिलरे हे तेव्हा तेथील प्रमुख डॉक्टर होते. रुग्णालयाच्या खाटा संपल्या, व्हरांडे संपले. जे लोक या परदेशी घराला काफरांचे घर म्हणत त्यांचेच भाऊ आणि मुलगे त्या घरात बरे झाले, आणि त्यानंतर गावाच्या व मिशनच्या संबंधांतील तणाव पहिल्यासारखा राहिला नाही. त्याच वर्षी गावाभोवती जो मातीचा तट घाईने उभारला गेला तो १९५७ साली पाडण्यात आला. त्याच्या वेशी तेवढ्या आजही हिरव्या पट्ट्यात उभ्या आहेत, आणि मी त्यांच्यापैकी दोहोंखालून चालत गेलो.

कॅल्व्हर्ली यांच्या श्रमाला फळ किती आले, हे जर धर्मांतरितांच्या संख्येने मोजावयाचे ठरवले, तर उत्तर हाताच्या बोटांवर संपते. अशा कामाची किंमत मात्र या मिशनने आधीच जबर मोजली होती; झ्वेमर यांचे धाकटे बंधू पीटर १८९८ साली गेले, आणि १९०४ साली बहारीनमध्ये झ्वेमर यांच्या दोन लहान मुली थोड्याच दिवसांच्या अंतराने दगावल्या. असे असताना ज्या पाद्र्याचे दुकान ओस होते, त्याने त्या ओस वेळात काय केले, तर गावातील मशिदीत दिवसातून पाच वेळा जे चालते त्याच्या आत शिरण्याचा प्रयत्न केला. मला वाटते, त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट हीच.

गझालींचे ते प्रकरण, ‘इह्या’मधील चौथा भाग, नमाजाच्या रहस्यांविषयी आहे. वजू कशी करावी, कोठे उभे राहावे, कधी वाकावे, हे सर्व त्यात आहेच. पण गझालींचा जीव अडकलेला आहे तो अंतःकरणाच्या उपस्थितीत. शरीर झुकले आणि मन बाजारात राहिले तर ती उपासना कशी म्हणावयाची, हा त्यांचा प्रश्न. आणि वाचता वाचता मला आमच्या संतांची आठवण होई, ज्यांनी टिळे-माळा मिरवणाऱ्यांना हाच प्रश्न आपल्या भाषेत विचारला होता. कॅल्व्हर्ली यांनी प्रत्येक संज्ञेचा अर्थ लावला आहे, प्रत्येक कृतीला टीप दिली आहे, आणि त्या टिपांत कोठेही विजयी सुराचा लवलेश नाही. हार्टफर्ड येथे त्यांनी १९२३ साली जी डॉक्टरेट मिळवली तिचा पाया हेच काम. आणि ते छापले गेले आपल्या मद्रासमध्ये, अमेरिकेत नव्हे की कैरोत नव्हे. त्या काळच्या आखाताचे तोंड हिंदुस्थानकडे होते याचा हा आणखी एक पुरावा.

नारायण वामन टिळकांची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन कवी पुढे नगरच्या मिशनमध्ये वावरला, १९०४ साली पाद्री झाला, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्याने ‘देवाचा दरबार’ थाटला. कारण ख्रिस्ताला मराठी मातीत आणावयाचे तर परदेशी पेढीचा चाकर होऊन ते साधणार नाही, अशी त्याची खात्री पटली होती. टिळकांनी आपला नवा धर्म ओवी-अभंगांत आणला. कॅल्व्हर्ली यांचा मार्ग उलट दिशेचा: त्यांनी दुसऱ्यांचा जुना धर्म आपल्या भाषेत नेला. दोघांचे मिशन वेगळे, मुलुख वेगळा, स्वभाव तर अगदीच वेगळा. परंतु मिशनच्या वार्षिक अहवालात ज्यासाठी रकाना नसतो असे काम दोघांनीही केले, म्हणून मी त्यांना एका ओळीत बसवतो.

कॅल्व्हर्ली दांपत्याला कुवेत सोडावे लागले; मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न होता, प्रकृतीही थकल्या असतील. १९३० साली कॅल्व्हर्ली हार्टफर्डच्या संस्थेत अरबी व इस्लामविद्येचे प्राध्यापक झाले, ‘द मुस्लिम वर्ल्ड’ या त्रैमासिकाचे संपादनही त्यांनी केले. एलिनर १९६८ साली आणि एडविन १९७१ साली वारले. ते कुवेत सोडून गेल्यावर लगेचच, १९३१ साली, तेथे मिशनचे चर्च बांधून पूर्ण झाले. ज्या वास्तूची पाद्री इतकी वर्षे वाट पाहतो ती उभी राहिली तेव्हा पाद्री निघून गेलेला होता.

चर्चमध्ये बसणार तरी कोण होते? १९३८ साली बुरगानला तेल लागले, १९४६ च्या जूनमध्ये पहिले तेल जहाजातून बाहेर गेले, आणि त्यानंतर जे घडले ते न्यू ब्रन्स्विकच्या त्या विद्यार्थ्यांच्या कल्पनेत येणेही शक्य नव्हते. तेलकंपनीने मुंबईहून कारकून, फिटर, परिचारक भरती केले. केरळ, तामिळनाडू, आंध्र येथून माणसे आली. मलयाळी ख्रिस्त्यांनी १९५३ सालीच आपली मंडळी संघटित केली. अरबांसाठी बांधलेले देऊळ स्थलांतरितांनी भरले.

शुक्रवारी सकाळी मी तेथे गेलो, कारण कुवेतमध्ये सुटीचा वार शुक्रवार, आणि म्हणून रविवारचे चर्चही शुक्रवारी भरते. किब्ला विभागातील त्या आवाराच्या दाराशी गर्दी होती: घरकामाच्या बायका, परिचारिका, वाहनचालक, कोट घातलेले लेखापाल, आणि कडेवर मुले. ‘नॅशनल इव्हॅन्जेलिकल चर्च’च्या त्या एका आवारात अनेक भाषांच्या मंडळ्या तासातासाच्या पाळीने उपासना करतात. एका दालनात मलयाळी गीत चालू होते, जिन्याखालच्या खोलीत तमिळ प्रार्थना, पलीकडून तागालोग, आणि मधल्या चौकात पुढच्या पाळीचे तेलुगू लोक हातात घड्याळ धरून उभे. कोणी कोणाला ढकलत नव्हते. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्या मला त्या शिस्तीचे अप्रूप वाटले.

चौकात बाकावर बसलेले एक वयस्कर मलयाळी गृहस्थ माझ्याशी हिंदीत बोलले. रुपया बंद झाल्यावर, दिनाराच्या काळात ते आले. चाळीसहून अधिक वर्षे झाली, तीन मुले येथेच वाढली. “निवृत्त झालो की इकामा संपेल, इकामा संपला की गावी,” ते म्हणाले. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. त्यांच्या मंडळीच्या पाद्र्यांनाही तो लागतो. ज्यांनी शेकडो विवाह लावले, शेकडोंना मूठमाती दिली, त्यांचाही परवाना कोणत्या तरी तारखेपर्यंतचाच असतो. कुवेतच्या १९६२ च्या राज्यघटनेतील ३५व्या कलमाने श्रद्धेचे स्वातंत्र्य मान्य केले आहे. पण १९८२ च्या दुरुस्तीनंतर मुसलमानेतराला कुवेतचे नागरिकत्व नव्याने मिळण्याचा मार्ग बंद झाला. हा नियम मला न्याय्य वाटत नाही, आणि पाहुणा म्हणून आलो असलो तरी तसे लिहून ठेवणे माझे कर्तव्य आहे.

त्या आधीच नागरिक झालेली ख्रिस्ती कुटुंबे कुवेतमध्ये थोडी आहेत. सर्व मिळून माणसे काही शे. त्यांचे पूर्वज तुर्कस्तान, इराक, पॅलेस्टाईन येथून आलेले. अशाच एका घरातील इमॅन्युएल घरीब यांना १९९९ च्या जानेवारीत पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. कुवेतचेच नव्हे, तर आखाती अरबांतील ते पहिले पाद्री मानले जातात. वडील आग्नेय तुर्कस्तानातून आलेले. मुलाचा जन्म कुवेतचा. सरकारी तेलखात्यातील नोकरी सोडून त्यांनी कैरोला धर्मशास्त्राचा अभ्यास केला. दिशदाशा हा अरबी झगा घातलेला, मायबोलीतून बोलणारा कुवेती पाद्री कॅल्व्हर्ली यांनी मनोमन किती वेळा पाहिला असेल! तो आला तेव्हा त्यांना जाऊन २८ वर्षे झाली होती, आणि तो त्यांच्या दुकानातून वा शाळेतून आला नाही, एका निर्वासिताच्या घरातून आला.

तेलुगू मंडळीची वेळ झाली तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांनी मला आपल्या कपाटातील एक वही दाखवली. मंडळीच्या सुरुवातीच्या वर्षांतील बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू तीत सुवाच्य अक्षरात नोंदलेले होते. वहीची पाने सुटू लागली होती. तिची दुसरी प्रत आहे का, असे मी विचारले, नव्हती.

म्हणून हे लिहिताना एक विनंती करतो. एलिनर यांनी आठवणी लिहिल्या, मिलरे यांनी लिहिल्या, कॅल्व्हर्ली यांची पुस्तके ग्रंथालयांत आहेत. परंतु अरेबियन मिशनच्या रुग्णालयांत ज्या भारतीय परिचारिकांनी रात्री जागवल्या, ज्या कंपाउंडरांनी औषधे कालवली, तेलकंपनीच्या पहिल्या वर्षांत मुंबईहून बोटीने जे कारकून गेले, त्यांचा शब्द कोठेच नाही. अशांपैकी कोणाची पत्रे, बोटीची तिकिटे, छायाचित्रे, वह्या आपल्या घरी माळ्यावर किंवा ट्रंकेत असतील, मग ते घर नगरचे असो, मिरजेचे असो की वसईचे, तर ती टाकू नका. त्यांच्या मागे नाव, गाव आणि साल लिहा, आणि घरात त्या काळचे कोणी हयात असेल तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ बसून त्यांच्या तोंडची हकिकत उतरवून घ्या.